हडळीचा भासरा

इसरू आत्रामच्या शेतात धान जेमतेम पिकत असे. त्याचे दोन बैल कायम एकमेकांवर रुसलेले असत आणि त्याने शाकारलेलं छप्पर जरा वारा सुटला की शेजारच्या अंगणात जाऊन बसे. घरात त्याच्या मताला किती किंमत होती, हे त्याच्या बायकोला, नीलाबाईला विचारावं. ती हसून विषय बदलायची. असा हा माणूस गावात मात्र वजनदार होता, कारण तो रेंगागुड्याचा पारखी होता.

ही नेमणूक कोणी कागदावर केलेली नव्हती. वीस-बावीस वर्षांपूर्वी एटापल्लीकडून एक जण सौर कंदील विकायला आला आणि सगळं गाव त्या कंदिलाच्या प्रेमात पडलं. इसरूने एक कंदील मागून घेतला, दिवसभर मांडीवर ठेवला, उलटा केला, त्यावर पाणी शिंपडलं, कानाशी धरून ऐकला आणि ऊन उतरल्यावर म्हणाला, “नका घेऊ.” गावाने घेतला नाही. पलीकडच्या गावाने घेतला, आणि महिन्याभरात तिथे कंदिलांचा उपयोग कोंबडीची पिल्लं झाकायला होऊ लागला. तेव्हापासून प्लास्टिकच्या खुर्च्या, फवारणीचे पंप, ताडपत्र्या, एकदा तर एका मुलीला सांगून आलेलं स्थळसुद्धा आधी इसरूच्या हाताखालून गेलं. तो वस्तूजवळ बसायचा, गप्प राहायचा आणि शेवटी निकाल द्यायचा. निकाल दोनच होते: “घ्या” आणि “नका घेऊ”. कोणी “काऊन?” म्हणजे ‘का?’ असं विचारलं तर तो तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायचा. भरल्या तोंडाच्या माणसाला पुढे काय विचारणार?

गेल्या हिवाळ्यात गावाने विकलेल्या बांबूचे पैसे आले. मजुरी, विहीर, गोटुलाची डागडुजी असं सगळं भागून ग्रामसभेकडे थोडे उरले. गोटुल म्हणजे गावाची बैठक जिथे भरते तो मांडव. तिथे अंगणवाडीच्या सत्यशीलाबाई उठून म्हणाल्या, “जंगल तं रोजच पाहतो आपण. एकडाव साऱ्याईनं मिळून सहलीले जाऊ ना.” आणि त्यांनी एक रंगीत कागद फिरवला. वरोऱ्याच्या पुढे, नागपूरच्या रस्त्यावर ‘मौजवन’ नावाचं पार्क निघालं होतं. आयुष्यभर जंगलात राहणाऱ्या लोकांनी पैसे मोजून वनात जायचं, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. कारण कागदावरच्या वनात पाण्याच्या घसरगुंड्या होत्या.

भानगड कागदाच्या तळाशी होती. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: ‘काही आकर्षणे अतिरिक्त शुल्कात’.

“अतिरिक्त म्हंजे काय?” बापूजींनी विचारलं. बापूजी सभेतले सर्वांत वडील. न समजलेला शब्द ते पुढे जाऊ देत नसत.

“अतिरिक्त जिल्हाधिकारी रायते ना, तसं,” अंकुश नावाचा तरुण म्हणाला.

“म्हंजे मोठा साहेब नाई आला तं जो येते, तो?”

“हो, तसंच.”

“मंग जादा पैसे देऊन बी दुसऱ्या नंबरचाच साहेब भेटन.”

यावर दोन बैठका झाल्या. रेंगागुड्यात मतमोजणी नसते. सगळे ‘हो’ म्हणतील तेव्हाच गोष्ट होते. एक जरी माणूस मान हलवत बसला तर सगळ्या गावाने त्याच्याशी बोलत बसायचं. इथे तर अर्धं गाव मान हलवत होतं. अर्ध्यांचं म्हणणं, एवढ्या लांब जाऊन त्या जादा पैशातला भूतबंगला न पाहता यायचं तर घरीच बसा. उरलेल्यांचं म्हणणं, गेटवर एकदा पैसे घेतल्यावर आत पुन्हा मागणारा माणूस आपल्या ओळखीचा नसावा हेच बरं.

शेवटी नीलाबाई बायकांमधून उठली. “तुमचा पारखी का फुकट खर्रा खायले ठेवला का? धाडा ना त्याले.”

नवऱ्याचा गौरव करण्याची तिची हीच पद्धत होती. सभेने एकमताने ठरवलं. इसरूने आधी एकट्याने जायचं, जादा पैशाच्या सगळ्या गोष्टी एकेकदा करून पाहायच्या आणि येऊन सांगायचं. मग सहल.

“एकट्यानं काऊन? अंकुश जाईन संगं,” बापूजी म्हणाले. “मोबाईल हाय त्याच्यापाशी. तो बी शिकून राह्यला आता.”

हे शेवटचं वाक्य इसरूला खर्ऱ्यातल्या खड्यासारखं लागलं. अंकुश जेमतेम तिशीचा, हुशार, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूला मोबाईलवर तारे द्यायची त्याला सवय. एटापल्लीच्या बसस्टँडला त्याने चार तारे दिले होते, दवाखान्याला तीन, आणि एकदा चुकून स्वतःच्या सासुरवाडीला दोन. गावातली पोरं आताशा इसरूला विचारायच्या आधी अंकुशला विचारायची. इसरूला कळून चुकलं की हा प्रवास नुसत्या पार्काची परीक्षा नाही. एक निकाल चुकला की पारखीपण अंकुशच्या खिशात जाणार. मग इसरूपाशी उरणार काय, तर ते धान, ते बैल आणि ते छप्पर.

आलापल्लीच्या अलीकडे सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची रांग लागली होती. गाडी तासभर अडकली. अंकुशने तेवढ्यात मौजवनाला पाच तारे देऊन टाकले.

“अजून पोचलो बी नाई आपण,” इसरू म्हणाला.

“आधी देल्यानं काई होत नाई, इसरूभाऊ. मंग गर्दी रायते.”

मुक्काम चंद्रपूरला ओळखीच्याकडे झाला आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता दोघे मौजवनाच्या गेटवर उभे राहिले. गेटच्या तिकिटात ज्या घसरगुंड्या येत होत्या त्यांच्याकडे इसरूने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं काम वेगळ्या खिडक्यांशी होतं.

पहिली खिडकी ‘वाघसफारी’ची, दीडशे रुपये. एक छोटी रेल्वे प्लॅस्टरच्या वाघांमधून फिरत होती. बारा वाघ होते आणि बाराही भर उन्हात उघड्या खडकावर बसून मान डावीकडे-उजवीकडे करत होते, जणू बाराही जणांचं बायकोशी पटत नव्हतं. इसरू उतरला आणि म्हणाला, “नका घेऊ.” अंकुशने पाच तारे दिले.

दुसरी खिडकी ‘नऊ डी’ सिनेमाची, शंभर रुपये. खुर्ची हलली, तोंडावर पाण्याचा फवारा आला, पाठीत कोणीतरी गुद्दे मारले. “इतलं तं एटापल्लीची गाडी हालवते, अन् ते तिकिटातच रायते,” इसरू म्हणाला. “नका घेऊ.” अंकुशने पाच तारे दिले.

तिसरी खिडकी दोराची, तीनशे रुपये. कमरेला पट्टे बांधून लोखंडी मनोऱ्यावरून तळ्याच्या पलीकडे सोडून देत. इसरूने वर जातानाच मनात ‘नका घेऊ’ तयार ठेवलं होतं. पण पाय सुटले, खालचं पाणी सरकलं, वारा सदऱ्यात शिरला, आणि बावन्न वर्षांचा हा माणूस तळ्याच्या मधोमध मोठमोठ्याने हसू लागला. पलीकडे उतरल्यावर त्याने तोंड गंभीर केलं. “घ्या,” तो म्हणाला. निकाल म्हणजे निकाल. त्यात पारख्याची इच्छा कोण विचारतो? चारपैकी तीन गोष्टी मार्गी लागल्या होत्या आणि अंकुशच्या ताऱ्यांना अजून धार आली नव्हती. इसरूला आपलं पारखीपण पुन्हा घट्ट बसल्यासारखं वाटलं.

चौथी खिडकी भूतबंगल्याची, दोनशे रुपये.

दाराशी इसरू थांबला आणि दोनदा खोकला.

“भुताले सांगून चाल्ले का?” अंकुशने विचारलं.

सवयच ती. इसरूच्या मुलखात प्रौढ माणूस कोणाच्याही घरात खोकल्याशिवाय पाऊल टाकत नाही. आत धाकट्या भावाची बायको असू शकते. नवऱ्याच्या थोरल्या भावाला इकडे भासरा म्हणतात, आणि भासऱ्यापुढे ती उघड्या डोक्याने येत नाही, भासरा तिच्याकडे मान वर करून पाहत नाही, आणि दोघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. बोलायचंच झालं तर मध्ये एखादं पोर असावं लागतं. पोर नसेल तर शेळी चालते. म्हणून भासऱ्याने आधी खोकायचं, म्हणजे तिला पदर घ्यायला वेळ मिळतो.

आत अंधार होता आणि फिनाईलचा वास होता. पहिल्याच वळणावर वरून हाडांचा सापळा खळखळत खाली आला आणि स्प्रिंगवर नाचू लागला. इसरूने मागे पाहिलं तर अंकुश नव्हता. ‘आपत्कालीन मार्ग’ असं लिहिलेलं एक दार तेवढं उघडझाप करत होतं.

इसरू सापळ्याला वळसा घालून पुढे झाला. एकदम लाल दिवा लागला आणि मोकळ्या केसांची, पांढऱ्या झग्यातली हडळ त्याच्या कानाशी येऊन किंचाळली.

“यायो,” इसरूच्या तोंडून निघालं. गोंडीत आईला हाक मारतात ती. माणूस बावन्न वर्षांचा असो की पाच, अशा वेळी आईच आठवते.

हडळ किंचाळता किंचाळता मध्येच थांबली. मग तिने स्वच्छ गोंडीत विचारलं, “कुठले जी तुमी?”

“एटापल्लीकडचा. रेंगागुडा.”

“किती देवाचे?”

अंधारात, लाल दिव्याखाली, हडळीने विचारलं म्हणून काय झालं, प्रश्न रीतीचा होता. गोंड माणसं अनोळखी गावात भेटली की आधी देव विचारतात. कोणी चार देवांचं, कोणी पाच, सहा, सात. देवांची संख्या जुळली तर भाऊ, नाही जुळली तर सोयरा. एका आकड्यात सगळी नाती लागतात.

“सहा,” इसरू म्हणाला.

लाल दिवा विझला, पुन्हा लागला. “माहे मालक बी सहा देवाचेच,” ती हळूच म्हणाली. “झिंगू नाव हाय. बत्तीस वर्षांचे हायत.”

दोघांनी एकाच वेळी हिशेब केला. सहा देवांचा म्हणजे भाऊ. बत्तीस वर्षांचा म्हणजे धाकटा. म्हणजे हडळ इसरूची कोण आणि इसरू हडळीचा कोण, हे आता सांगायला नको.

हडळीचे हात डोक्याकडे गेले. पण हडळीच्या झग्याला पदर नसतो. शिवणाऱ्याने हा प्रसंग धरलाच नव्हता. तिने इकडे तिकडे चाचपलं आणि भिंतीवरचा काळा पडदा ओढून डोक्यावरून छातीपर्यंत घेतला. इसरूने झटकन पाठ फिरवली आणि भिंतीला नाक लावून उभा राहिला. वळतावळता त्याला दिसले ते तिचे पाय. हडळीचे पाय उलटे असतात असं त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. हे सरळ होते, आणि निळ्या रबरी चपलेत होते. चपलेचा एक बंद दोऱ्याने शिवलेला होता.

आता बोलायचं कसं? पोर नव्हतं, शेळीही नव्हती. मधोमध सापळा लोंबत होता.

“सापळेभाऊ, त्याईले सांगा,” हडळ पडद्यातून म्हणाली, “माहं नाव रंजीता. बसा म्हणा त्याईले. च्या नाई इथी, पण पाणी हाय.”

“सापळेभाऊ, तिले सांग,” इसरू भिंतीला म्हणाला, “पाणी पुरे. घरी सारे बरे हायत का म्हणा.”

“बरे हायत म्हणा. मालक इथीच मोटारीवर हायत, पाणी सोडाले. लगन झाल्यापासून मालकाकडचं कोणीच आलं नाई म्हणा इकडं. आज पयल्या डाव आलं.”

“सारं गाव येऊन राह्यलं म्हणा पुढच्या महिन्यात.”

“आले अन् आत नाई आले तं मले लय वाईट वाटन म्हणा.”

पाण्याची बाटली सापळ्याच्या बोटांत अडकवली गेली. सापळा स्प्रिंगवर हेलकावत इकडे आला. इसरूने मान न वळवता बाटली घेतली आणि दोन घोट प्याला. मग त्याला आठवलं की धाकट्या भावाच्या बायकोच्या दारी पहिल्यांदा आलेला भासरा रिकाम्या हाताने जात नाही. त्याने स्वतःच्या खिशातली शंभराची नोट काढली आणि सापळ्याच्या जबड्यात ठेवली. जादा पैशाच्या खेळात आणखी जादा पैसे देणारा मौजवनातला तो पहिलाच माणूस असावा.

एवढ्यात पुढचं गिऱ्हाईक आलं. चंद्रपूरची चार-पाच कॉलेजची पोरं हसत-खिदळत वळणावर पोचली. त्यांना दिसलं ते असं: एक हडळ तोंडावरून काळा पडदा घेऊन दाताखाली नोट धरलेल्या सापळ्याची विचारपूस करत होती, आणि कोपऱ्यात एक माणूस खांद्यावर दुपट्टा टाकून, भिंतीकडे तोंड करून, अजिबात न हलता उभा होता. हडळीला पोरं हसली. कोपऱ्यातल्या माणसाला मात्र हसली नाहीत.

“काका?” त्यातल्या एकाने बारीक आवाजात विचारलं.

इसरूला वळून बोलता येईना. मध्ये ती होती. म्हणून तो रीतीप्रमाणे दोनदा खोकला.

पोरं जी पळाली ती दोराच्या मनोऱ्यापर्यंत थांबली नाहीत.

इसरू बाहेर आला तेव्हा खिडकीवर रांग होती. “तो भिंतीकडचा काका एक नंबर आहे, पैसे वसूल,” असं पळालेल्या पोरांतली एक मोबाईलवर कोणाला तरी सांगत होती. टाय लावलेला व्यवस्थापक धावत आला. “बाबा, आप कल भी आ सकते हैं क्या?” आपल्याला हाकलतायत की नोकरीला ठेवतायत, हे इसरूला कळलं नाही. त्याने हात जोडून जोहार केला आणि तो चालू लागला. अंकुश ऊसाच्या रसाच्या गाडीवर बसून पाच तारे देत होता.

परतीच्या वाटेवर इसरूने निकाल शोधायला सुरुवात केली. चंद्रपूरपर्यंत त्याला वाटलं, नका घेऊ. बल्लारपूरच्या पुढे वाटलं, घ्या. आष्टीला गाडी बदलताना दोन्ही वाटलं, आणि आलापल्लीच्या जंगलात काहीच वाटेना. तो घाबरला होता, पण क्षणभर. त्या क्षणाचे दोनशे का? की दोनशे पाण्याच्या दोन घोटांचे? पैसे त्याने दिले आणि मजा त्या पोरांना आली, मग वसूल कोणाचे झाले? अंकुश शेजारी घोरत होता. पाच तारे दिलेल्या माणसाला झोप कशी लागते, हे इसरूला त्या दिवशी कळलं.

रविवारी गोटुलात सगळं गाव जमलं. वाघसफारी: नका घेऊ. सिनेमा: नका घेऊ. दोर: घ्या. दोराला जरा गलका झाला, पण इसरूने सांगितलं म्हणजे झालं.

“अन् भूतबंगला?” बापूजींनी विचारलं.

इसरूने खर्रा काढला. मग परत ठेवला. हे गावाने कधी पाहिलं नव्हतं. त्याने झालं ते सगळं सांगितलं, खोकल्यापासून नोटेपर्यंत. सभा ऐकत राहिली.

“भेव वाटला का?” बापूजी म्हणाले.

“एकडाव वाटला. मंग नाई.”

“मंग पैसे वाया गेले.”

“वाया नाई गेले.”

“मंग घ्याचं?”

“आपल्याच घरच्या बाईच्या दारात तिकीट काढून जायचं का, बापूजी? बरं दिसते का ते?”

“मंग नाई घ्याचं.”

“अन् दारावरून तसंच निघून यायचं? ती का म्हणन?”

इतक्या वर्षांत प्रथमच इसरूच्या निकालापुढे बापूजींना स्वतः विचार करावा लागत होता, आणि ते त्यांना मानवत नव्हतं. बायकांच्या बाजूला मात्र भूतबंगला केव्हाच मागे पडला होता.

“पोरं किती हायत तिले?” सत्यशीलाबाईंनी विचारलं.

“नाई विचारलं.”

“माहेर कुठलं?”

“ते बी नाई विचारलं.”

“दिवसभर उभी रायते का तशीच अंधारात? जेवते कुठी?” दुसरी एक म्हणाली.

“दिसाले कशी हाय?” तिसरी.

“पायाकडून बरी हाय,” इसरू म्हणाला.

हसू पिकलं. नीलाबाई सर्वांत जास्त हसली. बापूजींनी हात वर केला. “म्हंजे तू बंगला पाह्यलाच नाई.”

“फरशी पाह्यली. फरशी बरी हाय.”

आता अंकुश उठला. तो ज्या क्षणाची आष्टीपासून वाट पाहत होता तो आला होता. “मी पाच स्टार देले,” तो म्हणाला. “माझ्या मतानं घ्या. साऱ्याईनं घ्या.”

सभा त्याच्याकडे वळली. इसरूचा हात पुन्हा खर्ऱ्याकडे गेला.

“तू बी सहा देवाचाच, अन् झिंगूहून लहान. तू तं तिचा दीर लागतं,” नीलाबाई म्हणाली. “तुले तं पाहाले बी चालते अन् मस्करी कराले बी. मंग सांग ना, कशी हाय दिसाले?”

अंकुशने मोबाईल या हातातून त्या हातात घेतला. “तिथी अंधार होता, वहिनी.”

“अन् सापळा?”

“सापळा तं मले दिसलाच नाई.”

अंकुश खाली बसला. इसरूने सगळं सांगितलं होतं, पण आपत्कालीन दार तेवढं वगळलं होतं. ते का वगळलं, हे त्याचं त्यालाच उमगलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, बरं केलं.

आता सभेपुढे पेच पडला. ज्याला पाहता येत होतं त्याने पाहिलं नव्हतं, आणि जो आत गेला होता त्याला पाहायची मुभा नव्हती. मुद्दा सत्यशीलाबाईंनी मांडला. “बाईमाणूस धाडा. नीलाबाई तिची जाऊ लागते. समोर बसन, तोंड पाहीन, दोन गोष्टी विचारन. भूत किती पाण्यात हाय ते बी पाहून येईन. मंग ठरवू.”

“म्हंजे पारखी नीलाबाई?” बापूजी म्हणाले.

“आता मी काय सांगू,” नीलाबाई म्हणाली. म्हणजे हो.

हात वर झाले. पुरुषांकडचे, बायकांकडचे, अंकुशचाही. एक हात तेवढा खाली होता. सगळं गाव त्या हाताकडे पाहत राहिलं. कोणी बोललं असतं तर सोपं झालं असतं. इसरूने बायकोकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही. स्वतःची बदली स्वतःच मंजूर करायची ही कुठली रीत, हे त्याला कळेना. पण आपल्याला फरशीपलीकडे काही सांगता येत नाही, हेही खरंच होतं. त्याने हात वर केला. अर्ध्यावरच केला होता, पण सभेने पूर्ण धरला.

“झालं,” बापूजी म्हणाले. “दुसरा विषय.”

दुसरा विषय बांबू तोडायच्या कोयत्यांचा होता. गडचिरोलीहून नमुन्याला एक कोयता आला होता. पटला तर पन्नास घ्यायचे होते. बापूजींनी तो कापडातून काढला आणि वीस वर्षांच्या सवयीने इसरूकडे धरला. मग मध्येच थांबले. हात तसाच पुढे, कोयता तसाच हवेत. ठरलं होतं ते एका भुतापुरतं, की कायमचं? कोणीच विचारलं नव्हतं. बापूजींनी कोयता जरासा नीलाबाईच्या दिशेने वळवला, पुन्हा इसरूकडे, पुन्हा मधोमध. इसरूचा हात निम्मा उचललेला राहिला. घ्यावा की न घ्यावा, हे त्याला समजेना.

“पाहा ना तुमी,” नीलाबाई म्हणाली. “मी भुतापुरती हाव.”

इसरूने कोयता घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याजवळ गप्प बसून राहिला.